डबल-क्लिकनंतर काय होतं?

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल गाड्या रुळांवर जागच्या जागी थांबल्या, घरून चाललेल्या परीक्षा आणि ऑफिसं अर्ध्यावर तुटली, कोरोनाच्या रुग्णांनी भरलेल्या रुग्णालयांत जनरेटरची धावपळ झाली. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या लोकांना एक नाव चांगलंच ओळखीचं वाटलं: पडघा. बिघाडाच्या सगळ्या वर्णनांत कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांचा उल्लेख होता. पडघा भिवंडी तालुक्यात, मुंबई-नाशिक महामार्गावर. पुढे गेलं की वासिंद, आसनगाव आणि शहापूर. चंद्रपूरहून निघालेली साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब डीसी वाहिनी याच पडघ्याला येऊन उतरते. मुंबईच्या दिव्यांचा एक मोठा धागा आमच्या भातखाचरांच्या शेजारून जातो.

पुढे १ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं, की वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन घुसवले गेले असावेत आणि सुमारे ८ जीबी इतका, हिशेब न लागणारा डेटा परदेशी सर्व्हरवरून आला असावा. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं, की वीज गेली ती मानवी चुकीमुळे, सायबर हल्ल्यामुळे नाही. वाद तिथेच राहिला. पण त्या वादातून एक फार विलक्षण गोष्ट बाजूला पडली असं मला वाटतं. वीज कशानेही गेली असो, एखाद्या सर्व्हरमध्ये चौदा परके प्रोग्राम बसलेले असू शकतात, सर्व्हर रोजची कामं नीट करत राहतो, समोर बसलेल्या माणसाला काहीही दिसत नाही, हे घडतं तरी कसं? आणि हे जे मोठ्या सर्व्हरमध्ये घडतं, ते शहापूरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्येही अगदी त्याच नियमांनी घडतं. म्हणून सुरुवात दुकानापासूनच करू.

त्याआधी एक छोटा प्रयोग. विंडोजच्या कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडा. त्याच्या फाइल मेन्यूतून कुठलाही प्रोग्राम, म्हणजे ज्याच्या नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई असतं अशी फाइल उघडा. पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडेल. पण अगदी पहिली दोन अक्षरं बघा. ती एम आणि झेड असतील. कॅल्क्युलेटर असो, टॅली असो, गेम असो, नाहीतर जगातला सर्वांत घातक ट्रोजन असो, विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलची सुरुवात याच दोन अक्षरांनी होते. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची ही आद्याक्षरं. डॉसच्या काळात त्यांनी या फाइलची रचना ठरवली आणि स्वतःची आद्याक्षरं तिच्या कपाळावर लिहून ठेवली. चाळीसहून अधिक वर्षं झाली, ती अजून तिथेच आहेत.

या दोन अक्षरांत सगळी गंमत आहे. डिस्कवर पडलेली फाइल म्हणजे नुसते आकडे. फोटो आकड्यांचा, गाणं आकड्यांचं, सातबाराचा पीडीएफ आकड्यांचा आणि प्रोग्रामही आकड्यांचाच. प्रोग्राम आणि माहिती एकाच स्मृतीत, एकाच स्वरूपात ठेवायची, ही १९४० च्या दशकातली कल्पना. तिच्यामुळेच एकच यंत्र सकाळी पगारपत्रक करतं, दुपारी लग्नपत्रिका छापतं आणि रात्री सिनेमा दाखवतं. नवं काम द्यायचं तर यंत्र बदलावं लागत नाही, नवे आकडे दिले की झालं. कॉम्प्युटरची सारी ताकद या उदारपणात आहे. आणि ट्रोजनचा दरवाजाही हाच आहे. जे यंत्र कुठलंही काम करायला तयार असतं, ते वाईट कामही तितक्याच तयारीने करतं. आकड्यांवर हेतू लिहिलेला नसतो.

आता डबल-क्लिक. तुमच्याकडे ‘बायोडाटा’ नावाची फाइल आली. चिन्ह पीडीएफचं आहे. पण विंडोज नेहमीच्या फाइलींच्या नावाचा शेवटचा तुकडा मुळातच लपवून ठेवतं. त्यामुळे ‘बायोडाटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असं नाव असेल, तर तुम्हाला ‘बायोडाटा डॉट पीडीएफ’ एवढंच दिसतं. आणि चिन्हाचं काय? ईएक्सई फाइलचं चित्र त्या फाइलच्या पोटातच साठवलेलं असतं. ते कोणतं असावं हे फाइल बनवणारा ठरवतो. त्याने पीडीएफचं चित्र घातलं, की ते पीडीएफच दिसणार. तुम्ही क्लिक करता. विंडोज नावाच्या शेवटच्या ईएक्सईवरून हा प्रोग्राम आहे हे ओळखतं, पहिली दोन अक्षरं तपासतं, स्मृतीत जागा करून त्याला चालू करतं. आणि तो चालू होताना त्याला तुमच्या खात्याची ओळख चिकटवतं. इथून पुढे तो प्रोग्राम जे काही करेल, ते विंडोजच्या लेखी तुम्हीच केलेलं असतं. तुम्हाला जी फाइल उघडता येते, ती त्यालाही येते. तुम्हाला जे पुसता येतं, ते त्यालाही पुसता येतं. ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ हा प्रश्न विंडोज फक्त संपूर्ण यंत्रावर हक्क हवा असेल तेव्हा विचारतं. तुमचे फोटो, तुमच्या एक्सेल शीट आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेली बरीचशी माहिती वाचायला तो प्रश्न पडतच नाही.

व्हायरस आणि ट्रोजन यांतला फरक नेमका इथे आहे. व्हायरस स्वतःच्या प्रती काढत एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत शिरतो. ट्रोजनला शिरावं लागत नाही. त्याला आपणच आत घेतो.

शहापूर आणि मुरबाडच्या बाजारात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि टायपिंग ही चारही कामं बहुतेक एकाच दुकानात होतात. जूनमध्ये डोळखांब, किन्हवली, टोकावडे, सरळगाव इथून आलेली मुलं दाखल्यांच्या फायली घेऊन उभी असतात. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवतं, कुणी पेनड्राइव्ह पुढे करतं. दिवसभरात एका कॉम्प्युटरला कितीतरी पेनड्राइव्ह लागतात आणि त्यातला प्रत्येक पुढे शाळेत, पतपेढीत, ग्रामपंचायतीत, दुसऱ्या दुकानात जातो. अशा ठिकाणी हे बोलणं हमखास कानावर पडतं:

“दादा, फोल्डर उघडतायत, पण सगळ्यांवर बाण आलाय.”

“क्लिक करू नकोस आता. काढ आधी तो.”

हा बाण जवळून बघण्यासारखा आहे. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की त्यातला ‘ऑटोरन’चा कागद विंडोज आपण होऊन वाचायचं आणि त्यात लिहिलेला प्रोग्राम चालवायचं. क्लिकचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनपासून पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजलाही तशी दुरुस्ती दिली. दार बंद झालं, तेव्हा असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी माणसाच्या बोटाचा आधार घेतला. त्यांची युक्ती अशी: पेनड्राइव्हमधले तुमचे खरे फोल्डर ‘लपवलेले’ आणि ‘सिस्टीमचे’ अशी दोन्ही खूण करून अदृश्य करायचे. मग प्रत्येकाच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट ठेवायचा, चित्रही फोल्डरचंच. त्या शॉर्टकटवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि टार्गेटची ओळ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये तिथे फोल्डरचा पत्ता असतो. इथे मात्र आधी कमांड प्रॉम्प्टला हाक असते, मग एका लपलेल्या स्क्रिप्टचं नाव, आणि शेवटी तुमच्या खऱ्या फोल्डरचं नाव. म्हणजे एका क्लिकमध्ये दोन कामं होतात. स्क्रिप्ट गुपचूप चालते आणि फोल्डरही उघडतो. तुम्हाला हवं होतं ते मिळालं, मग शंका येणार कुठून? कॉम्प्युटरमध्ये शिरलेली ती स्क्रिप्ट पुढे लागणाऱ्या प्रत्येक स्वच्छ पेनड्राइव्हला हेच करते. फार थोड्या ओळींत लिहिलेली ही करामत आहे, आणि ती ज्या माणसाने लिहिली त्याने माणसाच्या सवयीचा किती बारीक अभ्यास केला असेल, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

भाताच्या खाचरात एक तण उगवतं. रोप असताना त्याचं पान, त्याचा रंग, त्याची उंची सगळं भातासारखं. शेकडो वर्षं बेणणी करणाऱ्या हातांनी वेगळं दिसणारं तण उपटलं, आणि हुबेहूब दिसणारं तेवढं मागे राहिलं. अनुभवी बाईलाही ते कधीकधी लोंबी बाहेर पडल्यावरच कळतं. ट्रोजनचं हे रूप अगदी त्याच रीतीने घडलं आहे. जे ओळखू आले ते अँटिव्हायरसने काढले. उरले ते दिसायला खऱ्यासारखे. विंडोजमध्ये ‘एसव्हीसी-होस्ट’ नावाची प्रक्रिया नेहमी चालू असते, एकाच वेळी अनेक. ट्रोजन हेच नाव घेतो. नावावरून ओळख पटणार नाही, पण पत्त्यावरून पटते. खरा एसव्हीसी-होस्ट विंडोजच्या सिस्टीम-३२ फोल्डरात राहतो. तोच जर तुमच्या खात्याच्या ॲपडेटा फोल्डरातून चालत असेल, तर तो खोटा.

आत आल्यावर त्याची पहिली गरज असते ती टिकून राहण्याची. कॉम्प्युटर बंद केला की स्मृती पुसली जाते, चालू असलेले सगळे प्रोग्राम संपतात. उद्या सकाळी पुन्हा उठायचं, तर कुठेतरी नोंद करून ठेवायला हवी. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रन’ नावाची यादी आहे. लॉग-इन झाल्यावर कोणते प्रोग्राम चालवायचे ते तिथे लिहिलेलं असतं. तशीच टास्क शेड्युलरची यादी, तशीच सर्व्हिसेसची, तसाच स्टार्टअप फोल्डर. ट्रोजन यांपैकी एका ठिकाणी, बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी स्वतःचं नाव घालतो. या नोंदी पक्क्या ध्यानात ठेवा. काढायची वेळ येते तेव्हा खरी लढाई इथेच होते.

दुसरी गरज मालकाशी बोलण्याची. बाहेरून आत येणारं कनेक्शन राउटर अडवतो, म्हणून ट्रोजन आतून बाहेर हाक मारतो. ब्राउझरही हेच करतो, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. वीजक्षेत्राच्या त्या प्रकरणात २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ‘शॅडोपॅड’ या ट्रोजनचं नाव होतं. हा शॅडोपॅड पहिल्यांदा ऑगस्ट २०१७ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी उघड केला होता, तोही एका कोरियन कंपनीच्या अस्सल, डिजिटल सहीच्या सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीच्याच कारखान्यात कुणीतरी तो मिसळला होता. त्याची बोलण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. दर आठ तासांनी तो फक्त एक प्रश्न विचारायचा: अमुक नावाच्या साइटचा पत्ता काय? असे प्रश्न प्रत्येक कॉम्प्युटर दिवसभर हजारो विचारतो. पण या नावातच त्या कॉम्प्युटरची माहिती सांकेतिक करून कोंबलेली असायची. साइटचं नावही महिना आणि वर्ष यांवरून दर महिन्याला नवं तयार व्हायचं. पलीकडचा माणूस त्या प्रश्नांतून कॉम्प्युटर निवडायचा, आणि एखादा कामाचा वाटला तर उत्तरातूनच पुढचा भाग उघडण्याची किल्ली पाठवायचा. बाकीच्या ठिकाणी तो नुसता प्रश्न विचारत बसून राहायचा. तो सापडला तोही या प्रश्नांमुळेच. एका वित्तसंस्थेतल्या लोकांना, आपल्या यंत्रातून ही विचित्र नावं कोण विचारतंय, असा प्रश्न पडला. सॉफ्टवेअरच्या हजारो ओळींतून जे दिसलं नाही, ते एका माणसाच्या चौकसपणाने दिसलं.

अशा घातक प्रोग्रामांचे परिणाम महाराष्ट्राने सोसलेले आहेत. २७ जून २०१७ ला जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कारण? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचं विष पसरलं होतं आणि ते मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेत पोचलं. युक्रेनमधला कर भरण्याचा एक साधा प्रोग्राम आणि उरणजवळ थांबलेले कंटेनर यांच्यामध्ये एवढंच अंतर होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिथे मालवेअरच्या मदतीने एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी एक समांतर यंत्रणाच उभी केली गेली. २८ देशांतल्या एटीएमवर बनावट कार्डं घातली गेली आणि ती खोटी यंत्रणा प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत राहिली. खात्यांतले पैसे तपासणारा खरा सर्व्हर बाजूलाच होता, त्याला कुणी विचारलंच नाही.

आणि या साऱ्याचा एक पूर्वज डिसेंबर १९८९ मधला. जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने लोकांना पाठवल्या. फ्लॉपीत खरोखर माहिती होती, प्रश्नावली होती. पण तो प्रोग्राम कॉम्प्युटर किती वेळा सुरू झाला ते मोजत राहायचा. साधारण नव्वदाव्या वेळी फाइलींची नावं गोंधळून टाकायचा आणि पनामातल्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवायला सांगायचा. इंटरनेट नाही, ई-मेल नाही, टपालाचं तिकीट आणि कुतूहल एवढ्यावर काम भागलं.

आता काढायचं कसं, याकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घाईत केलेली सफाई ही सफाई नसते.

पहिलं काम, इंटरनेट तोडा. वायर काढा, वायफाय बंद करा. मालकाशी बोलणं थांबलं, की बहुतेक ट्रोजन नवा हुकूम घेऊ शकत नाहीत आणि माहिती बाहेर पाठवू शकत नाहीत. लावलेले पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढून ठेवा. मग दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून पासवर्ड बदला. सुरुवात ई-मेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ई-मेलवरूनच नव्याने मिळतात. पासवर्ड बदलताना ‘सर्व उपकरणांवरून लॉग-आउट’ हा पर्यायही वापरा. ट्रोजन पुष्कळदा पासवर्ड चोरतच नाही, ब्राउझरने जपलेली ‘हा माणूस आत आलेला आहे’ ही कुकी चोरतो. पासवर्ड बदलूनही ती काही वेळा चालतच राहते. दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब चालू असेल, तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तेही तोडा.

यानंतर टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपची यादी पाहा. अनोळखी नावावर उजवं बटण दाबून फाइलचं ठिकाण बघा. जास्त खोलात जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ नावाचं मोफत साधन आहे. कॉम्प्युटर सुरू होताना जे जे आपोआप चालतं, ते सगळं एका यादीत ते मांडतं. ते बनवणारे मार्क रसिनोविच यांनी २००५ मध्ये स्वतःच्याच कॉम्प्युटरवर एक अजब गोष्ट पकडली. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने नकला रोखण्यासाठी आत एक प्रोग्राम बसवला होता. तो विंडोजच्या उत्तरांमध्येच ढवळाढवळ करायचा. ‘या फोल्डरात काय आहे?’ असं विचारलं, की डॉलर-एसवायएस-डॉलर या अक्षरांनी सुरू होणारं प्रत्येक नाव तो यादीतून काढून टाकायचा. फाइल डिस्कवर असायची, पण विंडोज शपथेवर सांगायचं की नाही. अशा प्रोग्रामला रूटकिट म्हणतात.

हे समजलं की सफाईचं पुढचं पाऊल का घ्यावं लागतं हे आपोआप कळतं. आजारी विंडोजला त्याच्याच प्रकृतीविषयी विचारून उपयोग नाही. म्हणून विंडोज सिक्युरिटीमध्ये, ‘स्कॅन ऑप्शन्स’खाली, ‘ऑफलाइन स्कॅन’ दिलेला आहे. तो निवडला की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पण नेहमीचं विंडोज जागं होण्याआधीच तपासणारा प्रोग्राम डिस्कवर फिरतो. ट्रोजन तेव्हा झोपलेला असतो. त्याची ‘रन’मधली नोंद अजून कुणी वाचलेलीच नसते, त्यामुळे तो लपूही शकत नाही आणि स्वतःला वाचवूही शकत नाही. साधारण पंधरा मिनिटांचं हे काम. इतका साधा विचार, आणि किती अचूक! भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची मोफत साधनं मिळतात. दुसरं मत म्हणून ती वापरावीत.

पेनड्राइव्ह मात्र आधी साफ करू नका. आधी कॉम्प्युटर, मग पेनड्राइव्ह. क्रम उलटा केला तर साफ झालेला पेनड्राइव्ह पुढच्याच मिनिटाला पुन्हा बाधतो. कॉम्प्युटर स्वच्छ झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमधली ‘ॲट्रिब’ ही आज्ञा फोल्डरांवरच्या ‘लपवलेले’ आणि ‘सिस्टीमचे’ या खुणा पुसते आणि गेले असं वाटणारं सगळं परत दिसू लागतं. प्रकल्पाच्या फायली गेल्या म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलांचे फोल्डर असे परत आलेले मी पाहिले आहेत. ते कुठे गेलेच नव्हते. त्यानंतर बाणाचे शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट पुसायची.

एवढं करूनही शंका उरली, तर फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा मार्ग. मागे ठेवायचे ते फक्त कागदपत्रं आणि फोटो, एकही प्रोग्राम नाही. इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे फॉरमॅटनंतर लगेच ‘ॲक्टिवेटर’ चालवला जातो, डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा ‘क्रॅक’ टाकला जातो, आणि त्या क्रॅकसोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते: अँटिव्हायरस बंद करा. ज्याला आत शिरायचंय तोच पहारेकऱ्याला सुट्टी द्यायला सांगतोय आणि आपण देतोय. आताच साफ केलेलं यंत्र पाच मिनिटांत पुन्हा बाधित होतं. शिवाय विंडोज टेनचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या कॉम्प्युटरवर गावाचे दाखले निघतात, पतपेढीचे हिशेब होतात, तिथे जुनं विंडोज आणि क्रॅक एकत्र असणं हा धोका आपल्या सगळ्यांच्या कागदपत्रांना आहे.

अँटिव्हायरसच्या गोष्टीत एक मराठी प्रकरण आहे. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, मग पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्त करून दिलेले कॉम्प्युटर व्हायरसमुळे परत येऊ लागले. धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी त्या व्हायरसवर उपाय लिहायला घेतले. नव्वदच्या दशकात त्या छोट्या प्रोग्रामांतून क्विक हील उभं राहिलं. इंग्रजी पुस्तकांतून आलेलं हे शास्त्र पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या टेबलावर, समोर बिघडलेलं यंत्र ठेवून शिकलं गेलं.

अँटिव्हायरस फाइल ओळखतो त्याची एक रीत म्हणजे तिचा ठसा. फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवर एक गणित केलं की ठरावीक लांबीचा एक आकडा येतो. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं, तरी तो पूर्ण बदलतो. ज्ञात ट्रोजनच्या ठशांची यादी रोज अपडेट होते. ही यंत्रणा काम करते की नाही हे बघायला जगभरच्या कंपन्यांनी मिळून एक फाइल ठरवली आहे, आयकार टेस्ट फाइल. फक्त ६८ अक्षरं, पूर्णपणे निरुपद्रवी. पण ती नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केली, की चालू असलेला जवळजवळ प्रत्येक अँटिव्हायरस ओरडून उठतो.

मग नव्या ट्रोजनचं काय, ज्याचा ठसाच कुणाकडे नाही? त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवतात, बंदिस्त खोट्या कॉम्प्युटरमध्ये चालवून बघतात. पण यालाही एक सीमा आहे आणि ती गणिताने सिद्ध झालेली आहे. १९८० च्या दशकात फ्रेड कोहेन यांनी दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्राम समोर ठेवला तर तो व्हायरस आहे की नाही हे कधीही न चुकता सांगणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या एका प्रश्नाशी याचं नातं आहे. पैसा, हुशारी, वेगवान यंत्रं कितीही ओता, ही भिंत हलत नाही. मला हे गणित वाचून निराशा आली नाही, उलट त्या विषयाची उंची कळली. गावातल्या एका बिघडलेल्या पेनड्राइव्हपासून सुरू झालेला प्रश्न थेट तर्कशास्त्राच्या टोकाला जाऊन भिडतो.

शहापूर-मुरबाडमधल्या बहुतेक घरांत आज कॉम्प्युटर म्हणजे फोनच. तिथला ट्रोजन एपीके फाइल म्हणून येतो. गावाच्या, भजनी मंडळाच्या, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’ अशा नावांनी. पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ. ती बघायला ॲप बसवावं लागत नाही. असं ॲप बसवलं की ते एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. ही दुसरी परवानगी दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवण्यासाठी असते. ती मिळाली की ॲप तुमचा पडदा वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं, आणि ओटीपी तुमच्या आधी त्याच्या मालकाकडे जातो. मग चिन्ह लपवून बसतं. काढताना आधी एअरप्लेन मोड लावा, फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्यात बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची ॲक्सेसिबिलिटी आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी काढा, तेव्हाच ते अनइन्स्टॉल होऊ देतं. पैसे गेले असतील तर फोन साफ करत बसू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात उड्या मारत जातो. वाटेत कुठे तरी तो गोठवता येतो, पण पहिल्या काही तासांतच.

आणि सापडलेली संशयित फाइल लगेच पुसून टाकायची घाई करू नका. ती अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइटवर नमुना म्हणून पाठवता येते. व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकली, तर कितीतरी अँटिव्हायरस ती एकाच वेळी तपासून सांगतात. मुरबाडच्या दुकानातून गेलेला एक नमुना तपासला गेला, की त्याचा ठसा त्या यादीत चढतो आणि अपडेटबरोबर अशा कॉम्प्युटरांपर्यंत पोचतो, ज्यांचे मालक मुरबाडचं नावही कधी ऐकणार नाहीत. फक्त एक काळजी घ्या. तिथे टाकलेली फाइल इतर संशोधकांनाही उतरवता येते. प्रोग्राम पाठवा, स्क्रिप्ट पाठवा, बाणाचा तो शॉर्टकट पाठवा. कुणाचा आधार, दाखला किंवा सातबारा असलेली फाइल मात्र तिथे कधीही टाकू नका.